गाडी सारखी, माणूस वेगळा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात माझ्या काकांनी उभी हयात फियाट जुळवल्या. बोरघाटात एकाच्या पद्मिनीतून वाफा निघायच्या, दुसरा तसलीच पद्मिनी खंडाळ्याला सुखरूप पोचवायचा. ‘गाडी सारखी असली की ड्रायव्हर कळतो,’ काका म्हणायचे. या एका वाक्यावर इटलीत अख्खी रॅलीमालिका उभी राहिली होती, हे मला नोकरीनिमित्त तोरिनोला गेल्यावर समजलं.

तिथले निवृत्तीला आलेले एक मेकॅनिक तरुणपणी रॅलीच्या गाड्यांवर काम करत. त्यांच्या आठवणी सुरू व्हायच्या स्ट्रॅटोसपासून. १९७४ ते १९७६ अशी सलग तीन वर्षं लान्चियाने या गाडीच्या जोरावर जागतिक अजिंक्यपद मिळवलं. पण होतकरू पोराच्या हाती स्ट्रॅटोस कोण देणार? मग नवे ड्रायव्हर यायचे कुठून?

१९७७ साली याचं उत्तर मिळालं : आउतोबियांकी ए ११२ आबार्थ चषक. ए ११२ म्हणजे मिलानजवळच्या देझिओत बनणारी चिमुकली गाडी. १०५० सीसीचं इंजिन, ताकद ७० अश्वशक्ती. सुरक्षेसाठी आत लोखंडी पिंजरा, इंजिनाखाली संरक्षक पत्रा. बाकी गाडी बरीचशी रस्त्यावरचीच. सगळ्यांना एकच गाडी आणि एकच नियम, त्यामुळे पैशाच्या जोरावर पुढे जायची वाट अरुंद झाली.

‘वळणावर वेग गेला, की गेलाच. एवढंसं इंजिन तो परत कुठून आणणार?’ असं म्हणत त्या मेकॅनिकनी कँटीनच्या टेबलाखाली मला पाय दाखवले. उजवा ॲक्सिलरेटरवर घट्ट, डावा ब्रेकवर हलकेच. पुढची चाकं ओढत राहतात, मागचा भाग सरकतो आणि वेग न मोडता गाडी वळते. शेजारी नॅव्हिगेटर पुढचं वळण वाचून दाखवत असतो. हे अंगात मुरायला जन्म जातो, आणि तो सराव स्वस्त गाडीतच परवडतो.

पहिला चषक मोल्वेनोच्या अत्तिलिओ बेत्तेगाने जिंकला आणि पुढे तो फियाट-लान्चियाच्या संघात पोचला. १९८४ साली लान्चिया ०३७ घेऊन युरोपचं अजिंक्यपद मिळवणारा कार्लो कापोनेही याच मालिकेत घडला. त्याच वर्षी चषक थांबला. पुढच्या वर्षी कॉर्सिकाच्या रॅलीत ०३७ चालवताना बेत्तेगा गेला. ते सांगताना मेकॅनिक एवढंच म्हणाले, ‘त्याला आम्ही लहान गाडीतच ओळखलं होतं.’

भारतातही २०१० साली फोक्सवॅगनने पोलो चषक भरवला, पण तो बंदिस्त ट्रॅकवर. आपल्याकडे सह्याद्रीचे घाट आहेत, जुन्या छोट्या गाड्या आहेत, त्या डोळे मिटून उघडणारे मेकॅनिकही आहेत. कडक नियमांची, सुरक्षित, खिशाला झेपणारी एका गाडीची रॅली इथे व्हायलाच हवी. गुण पैशाच्या मागे लपून राहतात. गाडी सारखी केली की ते बाहेर येतात.