451 रेडिओ आणि घरी 'शे' म्हणणारी पोरं

2025 च्या एप्रिल ते जूनमध्ये आपण सगळे पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर तावातावाने भांडलो. शासन निर्णय निघाला, बदलला, 29 जूनला मागे घेतला गेला. मीही त्यावर बातम्या केल्या. पण भाषा कोणती यावर जेवढं बोललो, त्याच्या दहावा हिस्साही ती शिकवायची कशी यावर बोललो नाही. आता तर जो तो म्हणतो, टॅब द्या, ॲप द्या, एआय शिकवेल. म्हणून जरा मागे जाऊन बघू. कारण यंत्राने भाषा शिकवायचा प्रयोग आपल्या नाशिक जिल्ह्याला नवा नाही.

मी बागलाणातला. घरात अहिराणी. आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो. शाळेत गेल्यावर कळलं की वहीत 'शे' लिहिलं की लाल रेघ येते. पुस्तकातल्यासारखी मराठी मी पहिल्यांदा ऐकली ती गुरुजींकडून नाही (तेही आमच्यासारखंच बोलायचे), तर रेडिओवर. शाळेत एक संच होता, कायम कपाटात कुलपात. शालेय कार्यक्रम असला की बाहेर निघायचा. एक बाई गोड आवाजात धडा वाचायच्या, मधेमधे खरखर. आम्ही मांडी घालून ऐकायचो. संपलं की संच परत कपाटात. त्या बाईंची मराठी माझ्या कानात अजून आहे. आमचं 'शे' मात्र त्यांना कधी ऐकू गेलं नाही.

माझी अडचण तिथेच आहे. भाषा नुसती ऐकून येत नाही, बोलून येते. चुकलं तर समोरच्याला कळावं लागतं. प्रत्येक नवं यंत्र आलं की आपण विचारतो, आवाज शेवटच्या पाड्यापर्यंत पोचतो का? पाड्यावरचा आवाज परत येतो का, हे विचारत नाही.

1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ आलं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. माझी पत्रकारितेची पदविकाही तिथलीच. अभ्यासकेंद्रावरून पुस्तकांचा गठ्ठा घ्यायचा आणि नोकरी सांभाळून वाचायचं. माझं लेखी मराठी त्या गठ्ठ्याने सुधारलं, हे मान्य करायला लाज नाही. पुढे 2004 मध्ये इस्रोने एज्युसॅट सोडला. त्या कार्यक्रमाच्या प्रायोगिक टप्प्यात देशातली जी तीन विद्यापीठं होती त्यात एक आपलं नाशिकचं. काही केंद्रांवर उलट प्रश्न विचारायची सोय, बाकी ठिकाणी नुसतं बघायचं. म्हणजे परत तेच, बहुतेकांच्या वाट्याला कान.

ही गोष्ट आधी कुणाच्या लक्षातच आली नव्हती असं नाही. सत्तरच्या दशकात निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवताना त्यांनी एक साधी युक्ती केली. प्रश्न विचारायचा आणि काही सेकंद गप्प बसायचं. तेवढ्यात वर्ग मोठ्याने उत्तर देतो. केनियात हीच पद्धत इंग्रजीसाठी वापरली. आपल्याकडे पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने 'वुई लर्न इंग्लिश' ही मालिका मराठी शाळांसाठी याच धर्तीवर केली, ती आकाशवाणीवरून लागायची. रेडिओला ऐकू येत नाही, पण पोराला तोंड तरी उघडावं लागतं. मला तर ही गप्प बसायची युक्ती कुठल्याही स्मार्टबोर्डापेक्षा हुशार वाटते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळ्यांनी क्यूआर कोडची बातमी केली. मीही केली. त्यातली अर्धी गोष्ट आम्ही पत्रकारांनी खाली ढकलली. पोरांच्या घरी कन्नड होती, पुस्तक त्यांना कळेना. गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले, मग पुस्तकं नव्याने केली, मग त्यांत कोड आले. हा क्रम महत्त्वाचा आहे.

त्याच 2020 च्या फेब्रुवारीअखेर विधिमंडळाने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा मंजूर केला. आणि मार्चच्या मध्यात शाळाच बंद झाल्या. कायद्यात भाषा सक्तीची, आणि वर्गाला कुलूप!

तेव्हा नाशिकच्या रेडिओ विश्वासने (90.8 एफएम) जून 2020 पासून 'शिक्षण सर्वांसाठी' सुरू केलं. तिसरी ते दहावीचे धडे, मराठी, हिंदी, इंग्रजी, अगदी संस्कृतसुद्धा. सुमारे 150 शिक्षकांनी स्टुडिओत येऊन ते रेकॉर्ड केले. जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांच्या 50 ते 60 हजार मुलांना उपयोग झाला, असं केंद्राचं म्हणणं. पुढे या कार्यक्रमाला राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कारांत दुसरा क्रमांक मिळाला.

पण मला जास्त भावलं ते इगतपुरीच्या शिक्षकांचं काम. स्मार्टफोन न परवडणाऱ्या मुलांना त्यांनी 451 रेडिओ संच दिले. त्यांत एफएमबरोबर यूएसबी आणि ब्लूटूथही होतं. कम्युनिटी रेडिओची पोहोच दहा-पंधरा किलोमीटरची, इगतपुरी त्याच्या किती पलीकडे ते तुम्हाला माहीत आहे. लहर पोचली नाही तरी पेन ड्राइव्हवर धडा भरून देता येतो. डोंगरात राहणाऱ्यालाच हे सुचतं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मी हरसूलकडच्या एका पाड्यावर बातमीसाठी गेलो होतो. तिथले शिक्षक व्हॉट्सॲपवर रोज एक चित्र पाठवायचे आणि सांगायचे, यावर बोला, लिहू नका. पाड्यात तीन-चारच फोन, रेंज टेकडीवर. संध्याकाळी कुणाचा तरी बाप घरी आला की पोरं त्याच्या फोनभोवती. गुरुजी मला म्हणाले, "भाऊ, हे ऐका." एका मुलीचा दीड मिनिटाचा आवाज. अर्धी मराठी, अर्धी कोकणा (गोव्याची कोकणी नव्हे, आपल्या डोंगरातली). वर्गात ही पोरगी दोन वर्षांत दोन वाक्यं बोलली नव्हती. गुरुजी म्हणाले, "चार वर्षं इथे आहे, पण यांची बोली मला या चार महिन्यांत कळली. आधी मीच बोलत होतो ना!"

आकाशवाणीच्या त्या बाईंना जे जमणं शक्य नव्हतं, ते एका फुकटच्या ॲपवर, एका माणसाने कान दिल्यामुळे जमलं.

डिसेंबर 2021 मध्ये प्राथमिक वर्ग उघडायला लागले. शिक्षकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आजही जोरात आहेत, पण त्यात आता 'माहिती तात्काळ भरा', उपक्रमाचे फोटो आणि पीडीएफ. पोरांचे आवाज गेले. एआयचं म्हणाल तर केंद्राच्या 'भाषिणी'ने सुरुवात आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपासून केली. त्या यादीत अहिराणी नाही, कोकणाही नाही. म्हणजे यंत्राला ऐकायला शिकवलं तरी 'शे' त्याला चूकच वाटणार. पाड्यावरची मुलं आधी त्यांच्या बोलीत बोलू शकतील अशी सोय जिल्हा परिषदेने स्वतः करावी. पैसे फार लागणार नाहीत, शिक्षकाला रोज अर्धा तास मोकळा द्यावा लागेल. तेच अवघड, हे मलाही कळतं.

इगतपुरीतल्या शिक्षकमित्रांना एक विचारायचंय. त्या 451 संचांपैकी किती आज चालू आहेत? आणि 2020 चे पोरांचे आवाज कुणाच्या जुन्या फोनमध्ये राहिले असतील, तर फोन बदलताना पुसू नका. आधी मला कळवा, मी येऊन घेऊन जातो.