दाब सांभाळायचा कुणी?

१९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईकडे वीज निघाली. त्या काळी विजेचा दाब एकसारखा राखणे हे मुख्यतः वीजघराचेच काम असे. टिरिल नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी केलेला स्वयंचलित नियामक वीजघरातच बसे. दाब उतरला की जनित्राच्या चुंबकाचा प्रवाह तो वाढवी, चढला की घटवी.

हे काम ग्राहकाच्या गळ्यात कसे आले, ते आपल्याच टापूत पाहावे. महायुद्धातील लष्करी छावणी निर्वासित सिंधी बांधवांची वसाहत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून तिचे उल्हासनगर झाले. पुढे घरोघर यंत्रे फिरू लागली. १९६० साली राज्य वीज मंडळ व १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. अंबरनाथ-बदलापूरला कारखाने वाढले. तार जितकी लांब आणि तिच्यावरचा भार जितका मोठा, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. शेवटच्या खांबावरच्या माणसाला उरलेसुरले मिळते.

२३० ऐवजी १८० व्होल्ट आले, तर मोटारीचा जोर सुमारे तीन-पंचमांश उरतो. ती अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेर जळते. मालकाची मोटार जाते, तसा नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा दिवसही बुडतो.

यावर तोडगा म्हणून स्टॅबिलायझर आला. त्याच्या पोटात एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर असतो. दाब उतरताच रिले खटकन वेढ्यांचा जोड बदलतो व बाहेरचा दाब सावरतो. मोठ्या यंत्रात छोटी मोटार कार्बनचा ब्रश सरकवून हेच करते.

परंतु हे यंत्र वीज निर्माण करीत नाही. हजार वॅटची शेगडी १८० व्होल्टवर नुसती जोडली तर सुमारे ३.४ अँपिअर घेते. स्टॅबिलायझरमधून पूर्ण तापवायची तर तारेतून साडेपाच अँपिअरहून अधिक ओढावे लागतात. म्हणजे यंत्रवाल्याचे भागते, आणि शेजाऱ्याचा दाब आणखी उतरतो. त्यानेही यंत्र घेतले, तर तिसऱ्याचा उतरतो.

खरा उपाय तारेवरच आहे: जाड तार आणि जवळ पुरेसा ट्रान्सफॉर्मर. लघुदाबाच्या पुरवठ्यात सहा टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार होऊ नये, असा नियामक आयोगाचा दंडक आहे. स्टॅबिलायझर ज्याचा त्याने घ्यावा. दंडकाचे पालन मात्र साऱ्या आळीने मिळून मागावे.