भिंतीवरील दशाज्ञा

एखादें धर्मवचन सरकारी इमारतीच्या भिंतीवर लावलें तर कोणाचें काय बिघडलें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं साधा वाटतो. वचन सद्वर्तन शिकविणारें असेल तर तें वाचून कोणी बिघडणार नाहीं, झाला तर लाभच होईल, असें पुष्कळ सज्जनांस मनापासून वाटतें. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या साध्या प्रश्नानें मोठमोठ्या न्यायाधीशांत दुफळी पाडली आहे. तेथील वादाचा विषय म्हणजे परमेश्वरानें सीनाय पर्वतावर मोशेस दिल्या असें यहुदी व ख्रिस्ती लोक मानतात त्या दहा आज्ञा. या वादाचा इतिहास चाळला म्हणजे एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. धर्मवचनास राजाश्रय मिळवून देण्यासाठीं त्याच्या कैवाऱ्यांनाच तें केवळ धर्मवचन नाहीं असें न्यायालयांत सांगत बसावें लागतें.

धर्मसत्ता आणि राजसत्ता यांमध्यें भिंत असावी, ही कल्पना नास्तिकांच्या डोक्यांतून निघाली असा एक समज आहे. तो खरा नाहीं. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार होऊन १६३६ सालीं प्रॉव्हिडन्स वसविणारा रॉजर विल्यम्स हा निष्ठावंत ख्रिस्ती धर्मोपदेशक होता. १६४४ सालीं त्यानें अशा भिंतीची उपमा योजिली, ती ईश्वराच्या बागेंत जगाचें रान शिरूं नये या काळजीनें. पुढें १७९१ सालीं राज्यघटनेस पहिली दुरुस्ती जोडली गेली आणि राजधर्म स्थापन करणारा कायदा काँग्रेसनें करूं नये असें ठरलें. १८०२ सालीं जेफर्सननें भिंतीचीच उपमा वापरली, ती कनेक्टिकटमधील बॅप्टिस्ट मंडळींस लिहिलेल्या पत्रांत. त्या संस्थानांत त्या वेळीं दुसऱ्याच पंथाला सरकारी मान्यता होती. तेव्हां भिंतीचा आधार हवा होता तो अल्पसंख्य भाविकांना.

धर्मवचन लावावयाचें तर कोणाच्या पाठाप्रमाणें, हा दुसरा प्रश्न. फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक शाळांतून प्रॉटेस्टंटांचें इंग्रजी बायबल वाचीत असत. आपल्या मुलांस आपल्या पंथाचें भाषांतर वाचूं द्यावें असें कॅथलिकांचें मागणें होतें. या वादांत आयरिश लोकांविषयींचा द्वेष मिसळला आणि १८४४ सालीं दंगे पेटले. माणसें मेलीं, कॅथलिकांचीं चर्चें जळालीं. दोन्ही पक्ष एकाच ख्रिस्ताचे उपासक होते! दशाज्ञांचीही तीच गत. आज्ञा दहा हें सर्वांस मान्य. पण एक कोठें संपते आणि दुसरी कोठें सुरू होते याविषयीं यहुदी, कॅथलिक व बहुतेक प्रॉटेस्टंट यांचें एकमत नाहीं. मूर्तिनिषेधास बहुतेक प्रॉटेस्टंट स्वतंत्र आज्ञा मानतात, तर कॅथलिक तो पहिलींतच धरतात. भिंतीवर पाठ लिहूं पाहणाऱ्या सरकारला अशा रीतीनें नकळत धर्मशास्त्री व्हावें लागतें.

१९७८ सालीं केंटकी संस्थानानें सार्वजनिक शाळेच्या प्रत्येक वर्गांत १६ इंच रुंद व २० इंच उंच असा दशाज्ञांचा तक्ता लावण्याचा कायदा केला. पैसा खासगी देणग्यांचा होता. तक्त्याखालीं बारीक अक्षरांत अशी टीप घालावयाची होती कीं, पाश्चात्य संस्कृतीच्या कायद्याचा पाया म्हणून या आज्ञांना ऐहिक उपयोग आहे. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो कायदा रद्द ठरविला. हत्या वा चोरी करूं नये या आज्ञा ऐहिक म्हणतां येतील. पण दुसरा देव मानूं नये, शब्बाथ पाळावा, या ऐहिक कशा? या मुद्द्यास समाधानकारक उत्तर नव्हतें. त्या टीपेचा खरा खेद वाटावयास हवा होता तो मात्र भाविकास.

याच आज्ञांचे शिलालेख ईगल्स नांवाच्या बंधुसंघानें विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक गांवांना दिले होते. वाममार्गास लागणाऱ्या मुलांना वळण लागावें, ही मिनेसोटाचे न्यायाधीश रुगेमर यांची तळमळ त्या उपक्रमाच्या मुळाशीं होती. त्यांतील एक शिला १९६१ सालीं टेक्सस संस्थानाच्या राजभवनाच्या आवारांत बसली. २७ जून २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती राहूं दिली, आणि त्याच दिवशीं केंटकींतील न्यायमंदिरांतले तक्ते घटनाबाह्य ठरविले. दोन्ही निकाल ५ विरुद्ध ४ मतांचे. दोन्हींकडे बहुमतांत असलेले एकटे न्यायमूर्ति ब्रायर. टेक्ससची शिला इतर स्मारकांच्या मेळ्यांत चाळीस वर्षें बिनतक्रार उभी होती, ती आतां उखडणें म्हणजेच धर्मकलह ओढवून घेणें, असें त्यांचें म्हणणें. केंटकींत मात्र तक्ते प्रथम एकटेच टांगले होते. खटला उभा राहिल्यावर त्यांच्याभोंवतीं इतर ऐतिहासिक लेख जमविण्यांत आले.

ब्रायर यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. १९३५ सालीं पुऱ्या झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतींतच हम्मुराबी, कन्फ्यूशियस, महंमद यांच्या पंक्तींत मोशेची मूर्ति कोरलेली आहे. धर्माची प्रत्येक खूण पुसून काढणें म्हणजे तटस्थता, असें कोणी समंजस मनुष्य म्हणणार नाहीं. पण स्मारकाजवळून जाणारा प्रौढ नागरिक मान फिरवूं शकतो. कायद्यानें शाळेंत बसविलेल्या मुलास ती मोकळीक नाहीं.

२०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आपली जुनी कसोटी सोडून इतिहास व परंपरा यांवर भर दिला. त्यानंतर २०२४ सालीं लुइझियानानें आणि २०२५ सालीं टेक्सस व आर्कान्सासनें वर्गांत दशाज्ञा लावण्याचे कायदे केले. पुन्हां खटले उभे राहिले, आणि पुन्हां आज्ञांच्या ऐतिहासिक महत्त्वाची तीच ग्वाही देण्यांत आली. ज्या शब्दांपुढें पिढ्यान्पिढ्या माणसें नतमस्तक झालीं, त्यांना वर्गाच्या भिंतीवर जागा मिळावी म्हणून इतिहासाचा एक कागद एवढीच त्यांची ओळख करून द्यावयाची, हा सौदा धर्माला खचित महाग पडतो. विल्यम्सला भीति वाटत होती ती याच सौद्याची.