सिद्धेश्वर यात्रा (सोलापूर)

सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर (सिद्धेश्वर) यांची मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी वार्षिक यात्रा. होम मैदानावरील जत्रेवरून हिला ‘गड्डा यात्रा’ असेही म्हणतात. सिद्धराम हे बाराव्या शतकातील शिवशरण व कन्नड वचनकार असून ते बसवेश्वरांचे समकालीन होते. सोलापूरच्या परिसरात त्यांनी ६८ लिंगे स्थापिली, असे परंपरा मानते.

यात्रेचा गाभा विवाहविधीचा आहे. सिद्धरामांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने व्यक्त केली, तेव्हा ब्रह्मचारी सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी कथा असून तिचे ऐतिहासिक प्रामाण्य ठरविणे कठीण आहे. विधींची रचना मात्र तिच्याशी काटेकोरपणे जुळते. साधारणतः १३ जानेवारीस ६८ लिंगांना तैलाभिषेक (यण्णीमज्जन) म्हणजे हळदीपूर्वीचे तेल लावले जाते, १४ जानेवारीस तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर मंगलाष्टकांच्या जागी संमतीचे वाचन होऊन अक्षता पडतात आणि १५ जानेवारीस होमकुंडात कुंभारकन्येची प्रतिकृती अग्नीला अर्पण केली जाते. अक्षता टाकणारा प्रत्येक जण वऱ्हाडी ठरत असल्याने येथे प्रेक्षक व सहभागी हा भेद जवळजवळ उरत नाही, आणि विधीच्या अभ्यासकाला यात्रेचे खरे महत्त्व अक्षतांच्या दिवशीच दिसते.

योगदंडाचे प्रतीक असलेले सात नंदीध्वज, म्हणजे सजविलेल्या उंच काठ्या, मिरवणुकीत निघतात. त्या तोलून धरण्यास बळापेक्षा सराव लागतो. पुजारीपणाचा मान हिरेहब्बू घराण्याकडे परंपरेने चालत आला असून नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांत वाटलेले आहेत; त्यांत मातंग समाजाचाही मान आहे. पांढरी बाराबंदी हा मिरवणुकीतील भक्तांचा वेश असल्याने गर्दीतील श्रीमंत-गरीब हा फरक निदान डोळ्यांना तरी दिसत नाही. मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारी कुटुंबे एकाच मिरवणुकीत चालतात, ही गोष्ट सोलापूर या एकेकाळच्या गिरणगावच्या घडणीस साजेशीच आहे.

होमानंतर वासराची भाकणूक होते: दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ आदी जिन्नस ठेवून त्याच्या वागण्यावरून पाऊसपाणी व बाजारभाव यांविषयी अंदाज बांधले जातात.

गड्ड्यावर, म्हणजे होम मैदानावरील जत्रेत, पाळणे, खेळणी व खाद्यपदार्थ यांची दुकाने असतात. शोभेच्या दारूकामानंतर कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरविण्याचा विधी, होऊन यात्रेची सांगता होते.