डायनॅमोचा उजेड

दिवाळीची सुटी लागली की एके काळी घरोघरी एकच घाई असे : एस.टी. चुकायला नको! वळकट्या, ट्रंका आणि फराळाचे डबे घेऊन मंडळी थांब्यावर अंधारात उभी राहत. दूरच्या वळणावर दोन दिवे दिसत. गाडी जवळ येई, थांबे, आणि मघापर्यंत झगझगणारे तेच दिवे एकाएकी पिवळे, मलूल होऊन जात. चालकाने पुन्हा पाय दाबला की ते टवटवीत होत. हा चमत्कार पुष्कळांनी पाहिला आहे. त्याचे कारण विचारण्याच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडले नाही. ते कारण इंजिनाच्या अंगाला पट्ट्याने बांधलेले होते आणि त्याचे नाव डायनॅमो.

आपल्या रस्त्यांचा इतिहास लिहिताना आपण घाट, पूल आणि मंत्र्यांची उद्घाटने यांची नोंद करतो. डायनॅमो केव्हा गेला, याची नोंद कोण ठेवणार? ज्या वर्धा रोडवर तो वर्षानुवर्षे फिरला, त्या रस्त्याचेच रूप आता ओळखू येत नाही. नागपूरच्या दक्षिणेला खापरी, शिवणगाव, दहेगाव, तेल्हारा या गावांच्या शिवारावर आज मिहान उभे आहे. मिहान हे काही गाव नव्हे. एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत. पण आमच्या लोकांनी त्याला गावासारखेच तोंडात बसवले आहे. तिथे विमाने दुरुस्त होतात, आणि शेजारच्या शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. या झगमगाटाच्या पश्चिमेला, फार दूर नव्हे, हिंगण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. विमानांपेक्षा मला तिचे कुतूहल अधिक.

आधी थोडी वंशावळ. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला पहिली एस.टी. निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड, सांगाडा लाकडी, बैठकी काथ्याच्या. विदर्भ तेव्हा मुंबई राज्यात नव्हताच. इकडे ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस’च्या गाड्या धावत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६१ साली ही सेवाही एस.टी. महामंडळात मिळाली. मराठवाड्याची कुळकथा निराळी. तो निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ अल्बियन बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या. त्यांतली एक हैदराबादेत जपून ठेवली आहे. नावे वेगळी, मालक वेगळे; दिव्यांची सोय मात्र साऱ्यांची त्याच जातीची.

ती कशी, हे समजायला विहिरीवरची मोट आठवावी. बॅटरी म्हणजे हौद, डायनॅमो म्हणजे मोट, इंजिन म्हणजे बैल. बैल जोरात चालले तर हौद भरणार. बैल रेंगाळले की मोटेचे पाणी थारोळ्यापर्यंत पोचतच नाही. उलट हौदातलेच पाणी मागे वाहून जाण्याचे भय. म्हणून मध्ये एक दार ठेवलेले असे, त्याला कटआउट म्हणत. डायनॅमोचा जोर कमी पडला की ते दार टक्कन मिटे. मग दिव्यांचा सारा खर्च एकट्या बॅटरीवर येई. थांब्यावर दिवे पिवळे पडत ते यासाठी.

आत तांब्याच्या तारांचे आर्मेचर गरगर फिरे. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे कडे असे, पट्ट्यापट्ट्यांत अभ्रक, आणि त्यावर कोळशाचे दोन तुकडे दाबून घासत राहत. मिस्त्री मंडळी त्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात. निर्माण झालेली सगळीच्या सगळी वीज या घासण्यातून बाहेर यायची! त्यात विदर्भातला मे महिना आणि काळ्या मातीची धूळ. कार्बन झिजे, तांब्याला चरे पडत, ठिणग्या उडत. मग आर्मेचर लेथवर चढवून तांबे साफ करायचे आणि पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या जुन्या पात्याच्या तुकड्याने एकेक रेघ कोरून खाली घ्यायचा. हे काम ज्यांनी केले त्यांच्या नजरा लवकर अधू झाल्या असतील तर नवल नाही.

रेल्वेच्या फाटकाशी अर्धा तास, पावसाळ्यात नाल्याच्या काठी तासभर, बाजारच्या दिवशी गर्दीतून रांगत. अशा वेळी गाडीला विजेची मिळकत शून्य आणि खर्च चालू. जुनी बेडफर्ड पेट्रोलवर चाले, म्हणजे इंजिनातली ठिणगीसुद्धा त्याच बॅटरीतून यायची. दिवे ठेवावेत तर इंजिन बंद पडण्याची धास्ती, इंजिन राखावे तर पुढचा खड्डा दिसायचा नाही. अंधाऱ्या रस्त्यावर, मागे पंचवीस-तीस माणसे झोपलेली असताना हा हिशेब चालकाला मनातल्या मनात करावा लागे. डिझेलच्या गाड्या आल्यावर ठिणगीची काळजी सरली. दिव्यांची आणि सेल्फची राहिलीच. उतरून धक्का मारणे हा तर प्रवासाचा भागच होता, आणि त्यात वकील, पाटील, शाळामास्तर हा भेद नसे.

मग कोणी हे सुधारले का नाही? उपाय माहीत नव्हता असे नाही. तारा स्थिर ठेवून चुंबकच फिरवावा, म्हणजे मोठा प्रवाह घासणाऱ्या कार्बनांतून न्यावा लागत नाही. कार्बनांवर येते ती चुंबक जागा ठेवण्यापुरती थोडीशी वीज. शिवाय असे यंत्र लहान पुलीने खूप वेगात फिरवता येते, त्यामुळे गाडी उभी असतानाही बॅटरी भरत राहते. हाच अल्टरनेटर. परंतु त्यातून निघणारी वीज उलटसुलट वाहते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची लागते. दिशा लावणारे, तापाला टिकणारे आणि स्वस्त असे सिलिकॉनचे डायोड मिळू लागले तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० साली आपल्या व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर बसवला. आपल्याकडे मद्रासेत १९६१ साली लुकास-टीव्हीएस कंपनी निघाली आणि मोटारींचे विजेचे सामान देशात बनू लागले. अल्टरनेटर इकडे रुळला तो सावकाश. जुनी गाडी मोडीत निघे, नवी येई, आणि एक दिवस मिस्त्रीच्या ध्यानात येई की अभ्रक कोरायला कोणी पाते मागतच नाही.

आता तर ‘चार्जिंग’ या शब्दाचा अर्थच पालटला आहे. १ जून २०२२ रोजी, पहिल्या गाडीला बरोबर ७४ वर्षे झाली त्या दिवशी, त्याच पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली. तिथे मोट उरली नाही, बैलही नाहीत. नळ जोडून हौद भरायचा.

राहता राहिल्या हौशी लोकांच्या जुन्या गाड्या. एखादी बेडफर्ड कोणी पुन्हा उभी केली, तर डायनॅमो ठेवावा की अल्टरनेटर बसवावा, यावर जाणते लोक हमरीतुमरीवर येतात. माझे मत स्पष्ट आहे. गाडी नुसती पाहण्यासाठी असेल तर डायनॅमोला हात लावू नये. तिच्यात माणसे बसवून ती आजच्या वर्धा रोडवर, ट्रकांच्या गर्दीत न्यायची असेल, तर मिणमिणत्या दिव्यांचा हट्ट धरणे हा इतिहासप्रेमाचा नव्हे, आडमुठेपणाचा प्रकार होय. मात्र एक सावधगिरी हवी. त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या अल्टरनेटरला तिथे ऋण टोक लागते. हे न पाहता जोडणी केली की डायोड क्षणात जळतात. जुना कटआउट मधून काढावा लागतो, आणि वाढलेला प्रवाह पेलायला बॅटरीकडची तार जाड घ्यावी लागते. काही कारागीर डायनॅमोच्या रिकाम्या कवचातच अल्टरनेटर बसवून देतात, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला काही कळू नये. मला ही लपवाछपवी आवडत नाही. बदल केला तर तो दिसू द्यावा. काढलेला डायनॅमो भंगारात न घालता पुसून, तेल देऊन गाडीतच मागच्या बाकाखाली ठेवावा आणि त्याला चिठ्ठी बांधावी : कोणत्या साली काढला, कोणी काढला, आणि त्याचे कार्बन तेव्हा किती झिजले होते.