नाव गाळणाऱ्या माणसाचा इतिहास

माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे: मार्केटिंग प्लॅटफॉर्म अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पदवी इंजिनिअरिंगची, नोकरी पुण्यातली, आणि आमचे ईमेल ज्यांना जातात ती माणसं बहुतेक अमेरिकेत नाहीतर युरोपात. ‘फक्त आजच्या दिवस सूट’ असा जो मेल तुम्हाला येतो, तो मी लिहीत नाही. त्यातलं चित्रही माझं नसतं. तो कोणाला जाईल, कधी जाईल आणि मुख्य म्हणजे कोणाला जाणार नाही, हे ज्या यंत्रणेत ठरतं तिच्या किल्ल्या तेवढ्या माझ्याकडे असतात.

हे काम इंटरनेटच्या पोटी जन्मलं असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते त्याहून बरंच जुनं आहे.

१८७२ मध्ये शिकागोत आरन मॉन्टगोमरी वॉर्ड यांनी टपालाने माल विकायला सुरुवात केली. त्यांचा पहिला कॅटलॉग म्हणजे एका कागदावरची किंमतींची यादी. गिऱ्हाईक कोण, तर गावोगावचे शेतकरी. अशा धंद्यात दुकानाच्या जागेला फारशी किंमत नसते. किंमत असते ती पत्त्यांच्या वहीला. पण हजारो पाकिटांवर दर वेळी हाताने पत्ते लिहायचे कोणी? यावर जोसेफ डंकन या अमेरिकन माणसाने तोड काढली आणि १८९६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. या यंत्राचं नाव अ‍ॅड्रेसोग्राफ.

पुढे हे यंत्र कचेऱ्यांमध्ये रुळलं ते धातूच्या पट्ट्यांसह. एका गिऱ्हाइकाची एक पट्टी, तिच्यावर नाव-पत्ता उठवलेला. पट्ट्या खणांमध्ये ओळीने लावलेल्या. यंत्रातून त्या सरकत गेल्या की पाकिटांवर पत्ते छापून बाहेर. पट्टीच्या वरच्या कडेला छोट्या खुणा अडकवता येत. अमुक खूण असेल तरच छाप, नसेल तर पट्टी नुसती पुढे जाऊ दे, असं यंत्राला सांगता येई. आज आम्ही ज्याला ‘सेगमेंट’ म्हणतो तो हाच. एखादा माणूस वारला, गाव सोडून गेला किंवा त्याने ‘पुरे’ म्हणून कळवलं, की कारकून खण उघडून त्याची पट्टी काढून ठेवी. माझ्या कामाचा मूळपुरुष शोधायचा तर मी या कारकुनापाशी जाऊन थांबतो.

मात्र पट्टी काढणं तेव्हा कंपनीच्या मर्जीवर होतं. ते बदललं १९७० मध्ये. अमेरिकेत १९६७ साली एक कायदा झाला होता. कामुक वाटणारी जाहिरात घरी आली, तर टपाल खात्याला कळवायचं आणि पाठवणाऱ्याने ते नाव आपल्या सगळ्या याद्यांमधून काढून टाकायचं. जाहिरात कामुक आहे की नाही, हे ठरवणार घेणारा. त्याविरुद्ध टपालाने माल विकणारे कोर्टात गेले. आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला येतो, शिवाय नावं हुडकून काढायला खर्च किती, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने ‘रोवन विरुद्ध टपाल खातं’ या खटल्यात ते फेटाळलं. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांच्या निकालाचा आशय असा, की पाठवणाऱ्याचा हक्क नको म्हणणाऱ्याच्या टपालपेटीपाशी संपतो.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. ‘नको’ या शब्दामागे त्यात कायदा उभा राहिला, आणि तो अमलात आणायची जबाबदारी यादी बाळगणाऱ्यावर आली.

आठ वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीतल्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटच्या पूर्वजावर, म्हणजे आर्पानेटवर, सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. पत्ते घेतले होते आर्पानेटच्या छापील डिरेक्टरीतून. इतके पत्ते मावायला जागाच नव्हती, त्यामुळे काही पत्ते सांडून थेट मजकुरात गेले. तक्रारी आल्या, कानउघाडणी झाली. पण एक गोष्ट त्या दिवशी कायमची बदलली. कागदाला, छपाईला आणि तिकिटाला पैसे पडत, तोवर निदान खर्चाचा तरी धाक होता. आता आणखी एक नाव यादीत घालायला जवळपास काहीच लागत नव्हतं.

पुढे या सांडलवंडीला शिस्त लावणारी सॉफ्टवेअर आली. १९९९ मध्ये टोरांटोत एलोक्वा, २००६ मध्ये कॅलिफोर्नियात मार्केटो. कोणी मेल उघडला, कुठे क्लिक केलं, किती दिवस गप्प आहे, याची नोंद ठेवून पुढचा मेल आपोआप पाठवायचा, हा त्यांचा धंदा. तो केवढा वाढला ते बघा: २०१८ मध्ये अ‍ॅडोबीने मार्केटो ४७५ कोटी डॉलरना विकत घेतली. एवढं यंत्र चालवायचं तर कोणाला कुठलं बटण दाबू द्यायचं हे ठरवणारं कोणी तरी हवं. खण सांभाळणाऱ्या कारकुनाला असं नवं पद मिळालं.

बटण कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न किती खरा आहे ते जून २०२१ मध्ये दिसलं. एचबीओ मॅक्सच्या असंख्य ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल १’ अशा नावाचा रिकामा मेल गेला. कंपनीने सांगितलं, हो, एका इंटर्नकडून झालं. लोक हसले, त्या पोराला धीर देत राहिले. मी मात्र वेगळाच प्रश्न घेऊन बसलो: चाचणीच्या खात्यातून खऱ्या यादीपर्यंत वाट मोकळी कशी होती? इंटर्न बटण दाबणारच. दारं लावायचं काम अ‍ॅडमिनचं.

आणि कधी कधी दार ढकलणारा इंटर्न नसतो, वरिष्ठ असतो. एका तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या एका परदेशी क्लायंटने विचारलं, की ज्यांनी अनसबस्क्राइब केलंय त्यांनाही या वेळी घेता येईल का. एकदाच. विक्रीचा आकडा थोडक्यासाठी अडला होता. आमच्या यंत्रणेत अशा नावांची वेगळी यादी असते, तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. कुठल्याही मोहिमेत ही यादी आधी वजा होते. ती उचलून बाजूला ठेवायला मला अर्धा मिनिटही लागलं नसतं. मी नाही म्हटलं आणि कारण लेखी दिलं. त्यावर दोन कडक मेल आले, एक मीटिंग झाली, आणि पुढच्या कामात मला विचारणं कमी झालं. हजारो अनोळखी माणसांचा ‘नको’ त्या आठवड्यात माझ्या एका खुणेवर टिकून होता. त्यांना ते कधी कळणार नाही.

म्हणून नियम हवेत. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने ‘नको’ अमलात आणायला कामाचे १० दिवस दिले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना सांगितलं: एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे, आणि ते दोन दिवसांत अमलात आलं पाहिजे. नाहीतर तुमचे मेल अडवू. संसदेने दिली त्याहून कमी मुदत दोन कंपन्यांनी दिली, हे सोयीचं आहे तसंच विचार करायला लावणारंही.

आपल्याकडे ही लढाई आधी फोनवर झाली. ट्रायने २००७ मध्ये ‘फोन करू नका’ नोंदणीचे नियम केले, नोंदणीसाठी १९०९ हा नंबर आला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आणखी पुढे जाऊन म्हटलं आहे, की संमती देणं जेवढं सोपं, तेवढंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. तरीही तुमच्या फोनवर कर्जाचे मेसेज येतात, मला ठाऊक आहे. माझ्याही फोनवर येतात.

तेव्हा पुढच्या वेळी मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत लपवलेलं ‘अनसबस्क्राइब’ दिसलं, तर मेल नुसता डिलीट करू नका, ते दाबा. पलीकडे कोणाच्या तरी यंत्रणेत तुमचं नाव त्या वेगळ्या यादीत जाऊन बसतं. तिथे ते राहू द्यायचं की नाही, हे अजूनही एका पगारी माणसाच्या हातात असतं. त्याला नाही म्हणायला कारण लागतं, आणि तुमची ती क्लिक हे त्याच्याकडचं सगळ्यात भक्कम कारण असतं.