न लिहिलेला नियम

बिटकॉइनचा आराखडा २००८ साली अवघ्या नऊ पानांत मांडला गेला. पैशाच्या व्यवहारात मधल्या विश्वासू संस्थेची, म्हणजे बँकेची, गरजच उरू नये ही त्यातली मूळ कल्पना. हिशेबाची वही प्रत्येकाकडे आणि ती तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड सर्वांना खुला. ज्याला शंका येईल त्याने वाचून पाहावा. या कल्पनेची खरी परीक्षा ११ आणि १२ मार्च २०१३ च्या दरम्यानच्या रात्री झाली.

फेब्रुवारीत प्रोग्रॅमची ०.८ ही आवृत्ती आली होती. तिच्यात नोंदी साठवणारी जुनी बर्कले डीबी काढून लेव्हल डीबी बसवली होती. चलनाच्या नियमांना कोणी हात लावलेला नव्हता, निदान तशी समजूत होती. मग क्रमांक २२५४३० चा, नेहमीपेक्षा मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला, जुन्या ०.७ ने नाकारला आणि एका वहीच्या दोन वह्या झाल्या.

दोष सापडला तो अगदी अनपेक्षित जागी. बर्कले डीबी एका वेळी किती नोंदींना कुलूप लावू शकते याला मर्यादा होती आणि मोठ्या ब्लॉकने ती ओलांडली. ही मर्यादा चलनाचा नियम म्हणून कोणीही लिहिलेली नव्हती, तरी कोणता ब्लॉक ग्राह्य हे तीच ठरवत होती. कोड चार वर्षे सगळ्यांसमोर उघडा होता. लोकांनी वहीचे नियम वाचले. कपाटाची कुलपे कोणी मोजली नाहीत.

ज्या साखळीमागे अधिक गणनशक्ती ती खरी, हा लिखित नियम. सुमारे ६० टक्के शक्ती नव्या बाजूला होती, म्हणजे नव्या आवृत्तीची साखळी जिंकायला हवी होती. पण जुन्या साखळीचे ब्लॉक दोन्ही आवृत्त्यांना चालत होते, नव्या साखळीचे जुन्यांना नाही. म्हणून विकासकांनी जुन्या साखळीची बाजू घेतली आणि खाणकामगारांना मागे यायची विनंती केली. बीटीसी गिल्ड आणि स्लश या दोन मोठ्या गटांनी ती मानली. नव्या साखळीवर काढलेल्या प्रत्येक ब्लॉकमागचे २५ बिटकॉइन त्यांनी सोडून दिले. काही तासांत वही पुन्हा एक झाली. त्या गोंधळात एकाने, जमते का पाहू म्हणून, तेच पैसे दोनदा खर्च करून दाखवले.

विकेंद्रीकरणाचे पितळ उघडे पडले, असे यावर म्हणता येईल. मला ते अर्धेच पटते. विकासकांना हुकूम सोडता येत नव्हता, विनवावेच लागले, हा बँकेपेक्षा मोठा फरक आहे. मात्र मोजक्या माणसांच्या होकारावर सारे अडून राहिले, हेही तितकेच खरे; आणि त्या माणसांवरचा विश्वास कोणत्याही कोडमध्ये लिहिलेला नव्हता.

पुढे घटनेचा अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध झाला. त्यातली एक बाब मला सर्वांत अस्वस्थ करते. लागणाऱ्या कुलपांची संख्या ज्याच्या त्याच्या संगणकावरील साठवणीनुसार बदलत होती. म्हणजे त्याआधीच्या काळातही सगळ्या जुन्या वह्या एकमेकींशी जुळतीलच, याची खात्री नव्हती.